होम स्टडीत नेमकं काय पाहतात? दत्तक पालक म्हणून मान्यता मिळण्याची गोष्ट

आमची लेक घरी आल्यापासून नात्यातले, ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक फोन करतात. प्रश्न साधारण ठरलेले असतात. "ताई, आमचं घर भाड्याचं आहे, चालेल का?" "सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यावरून नाकारतील का?" "यांना सेहेचाळीस पूर्ण झाली, आता उशीर झाला का?" या प्रश्नांमागची धास्ती मला माहीत आहे. होम स्टडीसाठी, म्हणजे दत्तक घेऊ पाहणाऱ्यांचं घर आणि माणसं पाहून अहवाल लिहायला, दत्तक संस्थेच्या बाई येणार म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे घासून ओळीने लावले होते आणि नवऱ्याने बाल्कनीतली जुनी सायकल शेजाऱ्यांकडे ठेवली होती. डब्यांकडे कुणी पाहिलंही नाही. विचारलं गेलं ते वेगळंच, आणि त्याची तयारी आम्ही केलीच नव्हती. ती तयारी तुम्हाला करता यावी म्हणून हा लेख.

आधी थोडं मागे जाऊ. दत्तक हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. बडोद्याच्या गादीसाठी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. गादीला वारस हवा, वंश चालवायला मुलगा हवा, यासाठी दत्तकविधान होई. त्याच काळात पुण्यात एक वेगळं दत्तकही झालं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये आपला मानला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. आजचा कायदा गंगाधररावांच्या वाटेने जात नाही, फुल्यांच्या वाटेने जातो. बाल न्याय कायदा, २०१५ म्हणतो की दत्तक हे अनाथ, सोडून दिलेल्या आणि आईवडिलांनी स्वाधीन केलेल्या मुलांच्या कुटुंबाच्या हक्कासाठी आहे. हक्क मुलाचा आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे सगळे कागद, भेटी आणि प्रश्न कशासाठी आहेत ते कळतं आणि त्यांचा राग येत नाही.

हे सगळं चालतं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली. बोलताना सगळे त्याला 'कारा' म्हणतात. महिला व बालविकास मंत्रालयाखालची ही संस्था. सध्या लागू असलेले नियम सप्टेंबर २०२२ चे आहेत. नोंदणी काराच्या पोर्टलवर होते. दवाखान्यातून, अनाथाश्रमातून किंवा कुणा ओळखीच्या सिस्टरकडून थेट मूल घेता येत नाही.

आता पात्रता. लग्न झालेलं जोडपं अर्ज करू शकतं, पण दोघांचीही संमती हवी आणि संसाराला किमान दोन वर्षं झालेली हवीत. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री एकटीने अर्ज करू शकते आणि तिला मुलगा किंवा मुलगी कुणीही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा घेता येतो. स्वतःचं मूल असलं तरी हरकत नाही. मात्र आधीची दोन किंवा जास्त मुलं असतील तर विशेष गरजा असलेल्या किंवा सहजी घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच विचार होतो. धर्माची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येतं. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याला आणि समलिंगी जोडप्याला मात्र दोघांनी मिळून अर्ज करता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हा नियम कायम राहिला. अल्पमतातल्या दोन न्यायमूर्तींचं म्हणणं मला जास्त पटतं. पण आज नियम हा आहे.

वयाचं गणित लोकांना सगळ्यात गोंधळात टाकतं. जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या वयांची बेरीज करतात. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर ही बेरीज जास्तीत जास्त ८५ चालते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकासाठी हेच आकडे अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ आहेत. शिवाय मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. म्हणजे नवरा ४६ चा आणि बायको ४१ ची असेल तर बेरीज ८७. तान्ह्या बाळासाठी त्यांची वेळ गेली, पण दोन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी ते आरामात बसतात. फोनवर हे सांगितलं की पलीकडे बहुतेकदा शांतता पसरते, कारण मनात पाळण्यातलंच बाळ असतं. त्याबद्दल पुढे बोलते.

घर आणि पैसा. स्वतःचं घर हवं असं नियमात कुठेही नाही आणि उत्पन्नाचा किमान आकडाही ठरवलेला नाही. मुलाला सांभाळता येईल एवढी स्थिर मिळकत आहे का, हे पाहतात. जिवावर बेतणारा आजार नको, गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, मुलांच्या हक्कांच्या कुठल्या प्रकरणात आरोप नको. मधुमेहाची गोळी चालू आहे म्हणून कुणी तुम्हाला बाद ठरवत नाही. तब्येतीबद्दल डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. खरी स्थिती लिहून घ्या आणि द्या.

पोर्टलवर नाव नोंदवल्यावर ३० दिवसांत कागद चढवायचे असतात. फोटो, पॅन कार्ड, जन्माचा दाखला, राहण्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, विवाह नोंदणीचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूम, आणि ओळखीच्या किंवा नात्यातल्या दोघांची शिफारसपत्रं. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याचीही संमती लागते. मला ही अट फार आवडते. ताईपण किंवा दादापण कुणावर लादायचं नाही, हे कायद्याने ओळखलंय. आपल्याकडे घोळ होतो तो विवाह नोंदणीत. लग्नाला बारा वर्षं झाली, अल्बम आहे, पत्रिका आहे, पण नोंदणी केलेलीच नाही, अशी कितीतरी जोडपी मी पाहिली आहेत. ते काम आजच करून टाका.

कागद पूर्ण झाले की तुम्ही निवडलेल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेची समाजसेविका होम स्टडी करते. नियमाप्रमाणे ६० दिवसांत अहवाल पूर्ण होऊन पोर्टलवर चढायला हवा. मराठीत याला गृह अध्ययन अहवाल म्हणतात. पालक म्हणून तुमच्या मान्यतेचा निर्णय याच टप्प्यावर होतो.

'गृह' या शब्दाने आपली दिशाभूल होते. घर पाहतात ते मुलाला सुरक्षित आहे का एवढ्यापुरतं. खिडकीला गज आहेत का, पाणी आणि संडासाची सोय काय, मूल झोपेल कुठे. यात दहा मिनिटं जातात. बाकीचे तास तुमच्याशी बोलण्यात जातात, कधी दोघांशी एकत्र आणि कधी एकेकट्याशी. तुमचं बालपण कसं गेलं? वडील मारायचे का? तुम्ही मुलाला मारणार का? दोघांचं भांडण झालं की आधी कोण बोलतं? आयव्हीएफ किती वेळा केलं, थांबायचं कुणी ठरवलं, आणि ज्याने ठरवलं नाही त्याचं मन आता कुठे आहे?

या शेवटच्या प्रश्नाला मी रडले. वाटलं, झालं, आता लिहिणार की बाई भावनेच्या भरात आहेत. त्या बाई थांबल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "न झालेल्या बाळाचं दुःख दत्तक आलेल्या बाळाच्या अंगावर घालायचं नसतं. ते तुम्ही आत्ता माझ्यासमोर काढलंत, हे चांगलं झालं." त्या दिवशी मला होम स्टडी कळली. निष्कलंक जोडप्याच्या शोधात त्या आलेल्या नव्हत्या. आपल्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे का आणि ते मुलावर न लादता आपण पेलू शकू का, हे त्यांना पाहायचं होतं.

घरातल्या मोठ्यांशीही बोलतात. आमच्या सासूबाईंनी थेट विचारलं, "कोणाचं असेल हो ते? जात काय असेल?" मला धरणी दुभंगावी असं झालं. समाजसेविकेने मात्र शांतपणे सांगितलं की जात निवडता येत नाही. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "नातवंडाला तुम्ही काय शिकवाल?" पुढचा अर्धा तास आई रामरक्षेपासून पुरणपोळीपर्यंत बोलत होत्या. अशा प्रश्नामुळे अर्ज फेटाळला जात नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना आधी पढवून ठेवू नका. त्यांच्या शंका त्या खोलीत निघाल्या तर त्यांची उत्तरं तिथेच मिळतात. दडपल्या तर त्या मूल आल्यावर बाहेर पडतात आणि तेव्हा ऐकायला मूल समोर असतं.

आणखी एक प्रश्न नक्की येतो. मुलाला सांगणार का, आणि कधी? बरीच जोडपी म्हणतात, "मोठं झालं की सांगू." काही म्हणतात, "कशाला सांगायचं?" इथे समाजसेविका थांबते आणि समजावते, कारण लपवलेली गोष्ट मुलाला एक दिवस कळतेच. शाळेत कुणी बोलतं, लग्नात एखादी आत्या बोलून जाते. मुलाला बोलता येण्याच्या आधीपासून 'दत्तक' हा शब्द घरात प्रेमाने वापरलेला असेल तर सांगण्याचा वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. आमच्या लेकीला तिची गोष्ट झोपताना ऐकायला आवडते. एखादा तपशील गाळला तर ती रागावते.

एकल पालकाला हेही विचारतात की उद्या तुम्हाला काही झालं तर मुलाला कोण सांभाळणार. प्रश्न कठोर वाटेल, पण ज्या मुलाने एकदा आपलं माणूस गमावलंय त्याच्या वतीने तो कुणीतरी विचारायलाच हवा. बहिणीशी, भावाशी, मैत्रिणीशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवा.

अहवाल अनुकूल आला की तुम्ही मान्यताप्राप्त. तो तीन वर्षं चालतो, नंतर नव्याने करून घ्यावा लागतो. प्रतिकूल आला तर कारणं पोर्टलवर नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध काराकडे अपील करता येतं. "नाही म्हणाले" एवढ्या तोंडी निरोपावर गप्प बसू नका.

आणि मग प्रतीक्षा. मान्यता मिळाली म्हणजे मूल मिळालं असं नाही, आणि बहुतेक लोक इथेच खचतात. देशभरात मान्यतेच्या रांगेत ३० हजारांहून जास्त पालक आहेत. २०२४-२५ या वर्षात दत्तक गेलेली मुलं ४,५१५, आणि हा तोपर्यंतच्या बारा वर्षांतला सर्वांत मोठा आकडा होता. निरोगी, दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबण्याची तयारी ठेवा.

"एवढे अनाथाश्रम भरलेले आहेत आणि मूल नाही कसं?" हा प्रश्न रागाने विचारला जातो. बालगृहातल्या अनेक मुलांना आई, वडील, आजी असं कुणीतरी असतं. गरिबीमुळे, आजारपणामुळे किंवा घरातल्या भांडणामुळे ती तिथे असतात. ती दत्तक देता येत नाहीत, देऊही नयेत. मूल दत्तक जाऊ शकतं ते बालकल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी समितीने, त्याला तसं कायदेशीररीत्या मुक्त जाहीर केल्यावरच. सापडलेल्या मुलाच्या आईवडिलांचा आधी शोध घेतला जातो, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात दिली जाते. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिने आणि त्याहून मोठं असेल तर चार महिने अशी मुदत असते. आईने स्वतः मूल समितीच्या स्वाधीन केलं असेल तर तिला निर्णय बदलायला दोन महिने मिळतात. आपण रांगेत असताना हे दोन महिने फार लांबलचक वाटतात. पण मी त्या आईचा विचार करते. तिने त्या साठ दिवसांत रोज काय विचार केला असेल? तिला ती संधी मिळालीच पाहिजे. माझ्या मुलीवर माझा हक्क आहे, कारण तो कुणाकडून हिसकावलेला नाही.

रांग टाळण्याचे भलतेच मार्ग सांगणारे भेटतात. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत "आईबाप गेलेली दोन बाळं आहेत, कुणाला हवी असतील तर या नंबरवर फोन करा" असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश फिरत होते आणि चांगली माणसंही ते पुढे पाठवत होती. कायद्याची प्रक्रिया टाळून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल विकत घेतलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दवाखान्यातले लोक सामील असतील तर त्यांना तीन ते सात वर्षं. शिक्षेपेक्षाही वाईट म्हणजे असं मूल पुढे कधीही तुमच्यापासून काढून घेतलं जाऊ शकतं. असा संदेश आला तर पुढे पाठवू नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा. अधिकृत प्रक्रियेतले शुल्कही ठरलेले आहेत. त्यापलीकडे संस्थेला देणगी मागता येत नाही. कुणी मागितली तर लेखी तक्रार करा.

आता पाळण्यातल्या बाळाबद्दल. पाच-सहा वर्षांची मुलं, भावंडांच्या जोड्या, ऐकायला कमी येणारी किंवा हृदयाला छिद्र असलेली मुलं, यांच्यासाठी पालकांची रांगच नाही. उलट तीच वाट पाहत असतात. ज्यांना नेहमीच्या क्रमाने घर मिळालं नाही, ती मुलं पोर्टलवर वेगळी दाखवली जातात आणि तिथे रांगेतल्या आपल्या ज्येष्ठता क्रमांकाची वाट पाहावी लागत नाही. दयेपोटी या वाटेने जाऊ नका. पण नोंदणीचा फॉर्म भरताना वय आणि तब्येतीचे रकाने येतात, तिथे सवयीने टिक करू नका. आधी एका बालरोगतज्ज्ञाशी बोला. 'विशेष गरज' या शब्दाखाली एका शस्त्रक्रियेने बऱ्या होणाऱ्या गोष्टीही असतात आणि आयुष्यभर सोबत करावी लागेल अशाही. आपल्याला काय झेपेल ते नीट ठरवा. नाही झेपणार असं प्रामाणिकपणे ठरवण्यातही काही गैर नाही.

मग एक दिवस मोबाईलवर रेफरलचा, म्हणजे तुमच्यासाठी एक मूल सुचवल्याचा, संदेश येतो. पोर्टलवर मुलाचा फोटो, त्याची माहिती आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. हो म्हणायला ४८ तास. जास्तीत जास्त तीन रेफरल मिळतात आणि तिन्ही नाकारले तर वर्षभर प्रक्रियेबाहेर राहावं लागतं. आम्हाला संदेश आला तेव्हा नवरा लोकलमध्ये होता आणि नेटवर्क जात-येत होतं. मी फोटो पाहिला, पण आधी वैद्यकीय अहवाल डॉक्टरांना पाठवला. तुम्हीही तेच करा. 'हो' म्हटल्यावर साधारण महिनाभरात संस्थेत जाऊन भेटायचं. तिथली समिती तुमच्याशी बोलते, मुलाला तुमच्या डॉक्टरकडून तपासून घेता येतं, मग तुम्ही त्याच्या अहवालावर सही करता. त्यानंतर दहा दिवसांत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्या घरी येऊ शकतं, हुकूम व्हायच्या आधीच. पहिल्या रात्री आमची लेक झोपली नाही, आम्हीही नाही. संस्थेतल्या मावशींनी तिची चादर न धुता दिली होती. मध्यरात्री ती आठवली, तिच्याभोवती गुंडाळली आणि ती शांत झाली. ओळखीच्या वासाची एक वस्तू मागून घ्या.

दत्तकाचा अंतिम हुकूम पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं आणि अर्ज आल्यापासून दोन महिन्यांत निर्णय व्हावा असं ठरलं. या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं होतं, त्यामुळे तुमच्या अर्जाची वाट कुठून जाईल ते तुमच्या संस्थेलाच विचारा. तिथले कागद संस्था तयार करते. हुकूम झाला की आईवडील म्हणून तुमचं नाव असलेला जन्मदाखला मिळतो. त्यानंतर मूल सर्व अर्थांनी तुमचं, वारसाहक्कासकट.

समाजसेविका पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी घरी येते. आम्ही तिच्यासाठी डबे आवरणं कधीच सोडून दिलं होतं. लेक रात्री घाबरून उठायची, अन्न उशीखाली लपवून ठेवायची, हे आम्ही तिलाच सांगितलं आणि उपाय तिनेच सुचवला: खाऊचा एक छोटा डबा लेकीच्या हाताला येईल असा कायमचा ठेवायचा. तीन महिन्यांत लपवणं थांबलं.

शेवटची एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा सुचली. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर दत्तक मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्रीची गुप्तता सांभाळून जेवढं सांगता येईल तेवढं त्याला सांगितलं जातं. तोपर्यंत त्याचा इतिहास तुमच्या कपाटात असतो. संस्थेत पहिल्या दिवशी काढलेला फोटो, तिथे पडलेलं नाव, लसीकरणाचं कार्ड, सांभाळणाऱ्या मावशींचा फोटो, आलेली तारीख, हे सगळं घरी येतानाच मागून घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाच्या फायलीतच ठेवा. आमच्या लेकीच्या फायलीत त्या न धुतलेल्या चादरीचा एक तुकडाही आहे.